ओकेवाचून अडलेलं कपाट

मास्तरांनी चहाचा कप बशीत ठेवला, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ज्या प्रश्नासाठी ते एवढ्या लांब आले होते तो प्रश्न विचारला.

"माझ्या मुलीला आई नाही," ते म्हणाले. "मी एकट्यानं वाढवलीय तिला. तिचं सुखदुःख, तिचं दुखणंखुपणं, दवाखान्यातल्या तिच्या रात्रपाळ्या, ह्या सगळ्याची जबाबदारी तुम्ही घ्याल का? घाई नाही. नीट विचार करून सांगा."

समोरच्या खुर्चीत लग्नाचा मुलगा, त्या घरातला धाकटा, बसला होता. त्यानं विचार केला. निदान चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं. मग तो म्हणाला, "ओके."

मास्तरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. चुकीची उत्तरं, अर्धवट उत्तरं, शेजारच्याच्या वहीत डोकावून लिहिलेली उत्तरं, सगळी त्यांच्या हाताखालून गेली होती. पण लेकीच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न दीड शब्दात निकालात निघालेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. ते धाकट्याकडे बघत राहिले. आणखी काही येतंय का म्हणून थांबले. काही आलं नाही. धाकट्याच्या बाजूनं विषय संपला होता.

"बरं," मास्तर उठत म्हणाले. "कळवतो मी."

'कळवतो' म्हणजे काय हे समजायला शाळेत जावं लागत नाही. धाकट्याच्या आईला ते बरोबर समजलं. तिला सगळी बाजारपेठ मालकीणबाई म्हणायची. एक टेम्पो, दोन दणकट मुलगे आणि तिसरी स्वतःची जीभ, एवढ्या भांडवलावर लोकांचं घरसामान हलवण्याचा धंदा तिनं नवऱ्यामागं एकटीनं चालवला होता. एवढ्या वर्षांत एकही गिऱ्हाईक तिनं दारातून परत जाऊ दिलं नव्हतं. आता तर लेकाचं लग्न दारातून परत निघालं होतं.

"मास्तर, चपला घालायची एवढी घाई काय आहे," ती म्हणाली. "सोयरीक होवो न होवो, ओळख तर झाली. आमच्याजोगतं काही काम असेल तर सांगा."

मास्तर सभ्य गृहस्थ. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "तसं काम आहे एक. तळमजल्यावरची एक खोली आमच्याकडं आहे, ती आता सोडायचीय. तिथं मुलीच्या आईचं कपाट आहे. ते तिसऱ्या मजल्यावर घरात न्यायचंय. दोन-तीन जण बघून गेले. जिन्याकडं पाहतात नि फोन उचलायचे बंद होतात."

"उद्या सकाळी येतो," मालकीणबाई म्हणाली. "पैशाचं नावही काढायचं नाही."

मास्तर गेले. दार लागलं. मालकीणबाई वळली तेव्हा दोघं भाऊ भिंतीला टेकून उभे होते. शिक्षा नेहमी दोघांना मिळते हे थोरल्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"मुलगी तुला पसंत आहे ना?" तिनं धाकट्याला विचारलं.

धाकट्याचे कान लाल झाले. पसंत म्हणजे किती. दवाखान्यात खाटा पोचवायला गेला होता तेव्हापासून तो झोपेत हसायला लागला होता.

"मग तोंडातून हो म्हणायला काय झालं? 'घेईन', 'सांभाळीन', 'काळजी करू नका', किती शब्द पडलेत. त्या माणसानं काळीज काढून पुढं ठेवलं आणि तू म्हणालास ओके. अरे, तो काय टेम्पो मागं घेत होता?"

तशी त्या घरात तो शब्द काही नवा नव्हता. दिवा गेला म्हणावं, तर ओके. नवा बसवला म्हणावं, तरी ओके. ताप कसा आहे? ओके. शर्ट कसा बसला? ओके. चिडलास का? ओके आहे मी. परवा लांबची आत्या वारल्याचा निरोप आला, तर दोघांच्या तोंडून एकदम ओके निघालं, जणू आत्यानं परवानगी मागितली होती. आणि यांनाच बोलून काय उपयोग. दवाखान्यातला डॉक्टर तपासून झालं की ओके म्हणतो, गॅरेजवाला गाडीचं बॉनेट बंद करताना ओके म्हणतो, फोनही ओके दाबल्याशिवाय पुढं सरकत नाही. एवढासा परका शब्द, पण थोरल्या सुनेसारखा घरभर राबतो. थोरल्या सुनेसारखंच, त्याचं कुणी कौतुक मात्र करत नाही.

मालकीणबाईनं तर त्या दिवशी त्या शब्दाला घराबाहेरच काढलं.

"उद्या त्या माणसाच्या कानावर तो शब्द पडता कामा नये," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही. माणसासारखं पूर्ण वाक्यात बोलायचं. अदबीनं. माझी शप्पथ आहे दोघांना."

"ओ—" धाकटा म्हणाला.

"काय?"

"बरं."

सकाळी टेम्पो मास्तरांच्या इमारतीच्या दाराला लागला. मास्तर खाली येऊन थांबलेच होते. अंगावर इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर कालचाच 'कळवतो'. त्यांनी खोली उघडून कपाट दाखवलं. कपाट कसलं, लाकडाचा हत्ती होता तो. सागवानी, पाठीला जाड फळ्या, चारी पाय वळणदार, आणि दाराला उभा आरसा. थोरल्यानं ते एकदा हलवून पाहिलं आणि हळूच धाकट्याकडं बघितलं. दोघांनाही बोलायचं होतं ते एकाच शब्दात बसत होतं. दोघंही गप्प राहिले.

"रिकामं केलंय ना?" मालकीणबाईनं विचारलं.

"कालच," मास्तर म्हणाले. मग आपण वाटेत नको म्हणून ते पुढं जिन्यानं वर निघाले आणि दर वळणावर थांबून मागं बघू लागले.

अशा कामाची त्या दोघा भावांची एक रीत होती. जड बाजू खाली असते, ती थोरल्याची. वरच्या टोकाला धाकटा, तो पाठमोरा, उलट्या पावलांनी चढतो. मध्ये सामान. एकमेकांचं तोंड दोघांनाही दिसत नाही. त्या दिवशी तर आरसा थोरल्याच्या बाजूला आला होता, त्यामुळं त्याला जिनाभर फक्त स्वतःचं तोंड दिसणार होतं, आणि ते काही फारसं धीर देणारं नव्हतं.

"दादा, आपण उचलता का?" धाकटा वरून म्हणाला.

थोरल्याला क्षणभर कळेना हा कुणाशी बोलतोय. "मी उचलतोय. तूही उचलावंस."

"मी उचललेलं आहे असं समजा."

"समजू का उचललंयस?"

"उचललंय."

"मग तसं म्हण ना."

"तसंच म्हणत होतो."

मालकीणबाई खाली टेम्पोपाशी उभी होती. तिला हे ऐकून समाधान वाटलं. काम करताना ती नेहमी तिथंच थांबायची. गिऱ्हाइकाशी बोलायचं, टेम्पोवर लक्ष ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला सरकवायचं. जिन्यात पोरं काय बोलतात हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. मुलं इतकं गोड बोलू शकतात हे तिला आजच समजत होतं.

पहिला मजला कसाबसा पार पडला. मात्र रोज जे काम दमानं आणि गुपचूप व्हायचं, त्यात आज गप्पाच फार झाल्या. 'डावीकडं घ्यावं' म्हटलं की कुणाची डावी हा प्रश्न निघायचा. 'थोडं थांबा' म्हणेपर्यंत थांबायची जागा मागं जायची. शिवाय पूर्ण वाक्याला उत्तरही पूर्ण वाक्यात द्यावं लागतं, आणि छातीवर कपाट असताना माणसाला क्रियापदापर्यंत पोचता येत नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घात झाला. तिथं कपाट तिरकं करून, उभं करून, पुन्हा तिरकं करायचं होतं.

"आता मी माझी बाजू उंचावतो," धाकटा म्हणाला, "तेव्हा आपण आपली—"

"बरं," थोरला म्हणाला.

धाकटा थबकला. दादाच्या तोंडून 'बरं' आलं म्हणजे तो कातावला, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. "बरं म्हणजे तू धरलंस का चिडलास?"

"धरलं. आता चिडलोही."

एवढ्या बोलण्यात कपाट तिरकं व्हायच्या ऐवजी आडवं झालं. एक पाय कठड्याच्या गजांत गेला, माथा भिंतीला लागला, पाठ थेट दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या दारात जाऊन बसली. वर हलेना, खाली हलेना. वरच्या अंगाला धाकटा भिंतीला चिकटून अडकला. त्याच्या मागं मास्तर अडकले. खाली थोरला खांद्यावर ओझ्याचा पट्टा घेऊन, दोन्ही हात गुंतलेल्या अवस्थेत उभा राहिला.

तेवढ्यात ते दार उघडलं. आतल्या काकू पिशवी घेऊन बाहेर निघाल्या होत्या. त्यांना समोर लाकडाच्या फळ्या दिसल्या. आपण घाईत घराचं सोडून कपाटाचं दार उघडलं की काय असं वाटून त्यांनी ते लावलं, मागं वळून बघितलं, आणि पुन्हा उघडलं.

"कोण आहे?" काकू म्हणाल्या.

"कपाट," थोरला म्हणाला.

"ते दिसतंय मला. मागं कोण आहे?"

"एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ. जरा अडकलंय. आत्ता काढतो."

"मास्तरांचं कपाट ना हे?" काकूंचा आवाज एकदम ताजा झाला. "म्हणजे तुम्ही ते टेम्पोवाले. मास्तर, तुम्ही आहात का हो तिथं?"

"आहे," वरून आवाज आला.

"यातला ओके म्हणणारा तो कुठला? वरचा का खालचा?"

मास्तर खाकरले. आपण काल परत येताना ह्या बाईंना काय काय सांगितलं हे बहुधा ते आठवत असावेत. आणि धाकट्याचं तोंड त्यांच्यापासून फार दूर नव्हतं. भिंत, धाकटा, कपाट ह्यांच्यात एवढीच जागा होती की एकमेकांना टाळायचं तर दोघांनी डोळे मिटायला हवे होते.

"वरचा," धाकटा म्हणाला. त्याला पूर्ण वाक्य सुचलं नाही.

"आवाज चांगला आहे," काकू म्हणाल्या. "उंची किती?"

थोरल्यानं कपाटाला चिडून एक हिसका दिला. तो काही लागू पडला नाही, फक्त आरशाचं दार उघडलं गेलं आणि वरच्या फळीवरून काचेची एक बरणी घरंगळली. ती थोरल्याच्या पोटावर आपटली, पायावर पडली, झाकण निघालं आणि बटणं सांडली. शर्टाची, कोटाची, परकराची, पांढरी, काळी, शिंपल्याची. टपटप करत ती पायऱ्यापायऱ्यांवरून थेट खालपर्यंत निघाली.

"रिकामं केलं होतं म्हणालात," थोरला म्हणाला.

"ती बरणी काढवली नाही मला," मास्तर वरून हळू आवाजात म्हणाले. "ती शिवणकाम करायची. एकेक बटण जपलंय तिनं."

मग थोरल्याला रागावताही येईना. आणि पाऊलही उचलता येईना, कारण पायाखाली सगळी बटणंच. हत्तीएवढं कपाट घेऊन बटणांवर पाय देणं म्हणजे सरळ तळमजला गाठणं.

बटणं खाली टेम्पोपर्यंत पोचली तेव्हा मालकीणबाईला कळलं की वर काहीतरी बिनसलंय. ती जिना चढू लागली. अर्ध्यात तिला मागून कुणीतरी गाठलं. पांढरा गणवेश, डोळ्यांत झोप, हातात डबा. मास्तरांची मुलगी रात्रपाळी संपवून घरी येत होती. दोघींनी एकमेकींना न सांगताच ओळखलं. ही भेट अशी, वाकून बटणं वेचताना व्हायची होती हे कुणाला ठाऊक.

"मावशी, तुम्ही नका वाकू," मुलगी म्हणाली.

"का? मी काय म्हातारी झालेय?" मालकीणबाई म्हणाली आणि वाकली.

वळणावर पोचल्याबरोबर मुलीनं एका नजरेत सगळं बघितलं. "दादा, पाय हलवू नका," ती थोरल्याला म्हणाली आणि त्याच्या तळव्यांभोवतीची बटणं भराभर ओढून घेतली. "हं. आता डावा टेकवा. आता उजवा. श्वास घ्या." दवाखान्यात रोज हेच करत असल्यामुळं तिच्या सांगण्यात घाबरणं नव्हतं. थोरल्यानं मुकाट श्वास घेतला.

"मी पण आहे इकडं," कपाटापलीकडून धाकटा म्हणाला.

"माहीत आहे," मुलगी म्हणाली. तिचेही कान लाल झाले, पण ते फक्त आरशाला दिसले. "काय झालंय तुम्हाला दोघांना? त्या दिवशी आमच्याकडं लोखंडी खाटा चढवल्यात तेव्हा कुणाला धक्का नाही की भिंतीला ओरखडा नाही. आज जिनाभर व्याख्यान चाललंय. खाली फाटकापर्यंत ऐकू येतंय."

"आईनं शप्पथ घातलीय," थोरला म्हणाला.

"कसली?"

"तो शब्द बोलायचा नाही."

"कुठला?"

थोरला गप्प. शप्पथ मोडल्याशिवाय सांगायचं कसं. मग काकूंनीच दारातून मदत केली. "ओके," त्या म्हणाल्या. "मला शप्पथ नाही."

मुलीनं मालकीणबाईकडं बघितलं. "मावशी, ते दोघं तेवढंच तर बोलतात. कामभर."

"तेच तर मी म्हणते," मालकीणबाई म्हणाली. "जिभेला आळस. एका शब्दाशिवाय पोरांचं अडतंय म्हणे. इतके शब्द आहेत जगात."

"आई," थोरला म्हणाला. त्याच्या खांद्यावरचा पट्टा आता मांसात रुतला होता, म्हणून असेल, पण त्याचा आवाज नेहमीसारखा दबका राहिला नाही. "मला तो दिसत नाही आणि त्याला मी दिसत नाही. लांब बोलायला वेळ नसतो. तोकडा ओके म्हणजे उचललं. लांबवला तर थांब. सूर वर गेला तर वळण आलं, जागा आहे का बघ. दोनदा म्हटलं तर खाली टेकव. नाकातून आला तर बोट सापडलंय. 'बरं' म्हण, 'हो' म्हण, म्हणता येतं. पण ते ऐकून हात आपोआप हलत नाहीत. विचार करावा लागतो. विचार करेपर्यंत हे पडतं."

मालकीणबाईनं टाचा उंचावून बघितलं, पलीकडचा धाकटा तिलाही दिसेना. हे असं जिन्यात ती कधी उभीच राहिली नव्हती.

वरून मास्तरांचा आवाज आला. वर्गात मागच्या बाकावरच्याला विचारावं तसा. "आणि जबाबदारी कुणाकडं गेली हे कसं कळतं?"

"म्हणजे?" थोरला म्हणाला.

"ओझं. ते कधी याच्याकडं असतं, कधी तुमच्याकडं. ते कसं कळतं?"

"ते तर सोपं आहे, मास्तर. तो शांतपणे म्हणतो. एकदाच. आधी जरा थांबतो, नीट पाय रोवतो, मग म्हणतो. म्हणजे भार त्यानं घेतला. मग मी हात सोडतो."

"सोडता? खाली उभे राहून?"

"सोडावाच लागतो. पट्टा बदलायचा असतो, घाम पुसायचा असतो."

"आणि त्यानंही सोडलं तर?"

"तो सोडत नाही."

"आजपर्यंत कधीच नाही?"

"मास्तर," थोरला म्हणाला, "मी अजून तुमच्याशी बोलतोय ना?"

वर धाकट्यानं मान खाली घातली होती. त्याच्यापासून हातभर अंतरावर मास्तर उभे होते आणि त्याच्याकडं बघत होते. काल खुर्चीत बसून बघत होते तसंच, पण आता आणखी काही येतंय का म्हणून थांबलेले दिसत नव्हते.

मालकीणबाईनं बटणांची मूठ बरणीत रिकामी केली. आपलं चुकलं असं तोंडानं म्हणायची तिला सवय नव्हती, आणि ह्या वयात ती लावून घ्यायचा विचारही नव्हता.

"सुटली शप्पथ," ती म्हणाली. "उभे काय राहिलात? त्या बाईंना बाहेर जायचंय."

"माझी काही घाई नाही," काकू म्हणाल्या.

पण कामाला सुरुवात झाली होती. थोरल्यानं खांदा खाली घेतला. वरून एक तोकडा ओके आला, खालून तेवढाच तोकडा गेला. कठड्यातला पाय सुटला. मग एक लांबलचक, मग एक प्रश्नासारखा, मग दोघांचे एकदम. कपाट उभं राहिलं, जरा कललं, वळलं, आणि म्हाताऱ्या माणसानं नातवंडांच्या आधारानं उठावं तसं निमूट पुढं निघालं. काकू दारात पिशवी धरून बघत राहिल्या. मध्ये एकदा वरून शांत, एकटा ओके आला. थोरल्यानं दोन्ही हात सोडले, सावकाश घाम पुसला, पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. ते बघताना मालकीणबाईनं कठडा घट्ट धरला. एवढी वर्षं ती खाली टेम्पोपाशी निर्धास्त उभी राहत आली होती, ती कशाच्या जिवावर, हे तिनं तेव्हा पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावर मास्तरांच्या दारासमोर कपाट टेकलं. कुठंही खरचटलं नव्हतं. मास्तरांनी दार उघडलं, आतलं जाळीचं दारही उघडलं. थोरल्यानं दाराकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं, पुन्हा दाराकडं बघितलं.

"आई," तो म्हणाला. "दार मोजलं होतंस ना?"

मोजमाप हे मालकीणबाईचं काम. तिला टेप लागायची नाही, वितीनं मोजायची, आणि तिची वीत कधी चुकली नव्हती. सकाळी आल्याआल्या तिनं कपाट मोजलं होतं. जिना मोजला होता, वळणं मोजली होती. पण मास्तरांचा होकार येत नाही तोवर त्यांच्या उंबऱ्यापाशी आपण होऊन जायचं नाही, असं तिनं रात्रीच ठरवलं होतं. त्यामुळं ती दुसऱ्या मजल्यापर्यंतच मोजून परत फिरली होती.

"घरांची दारं सगळीकडं सारखीच असतात," ती म्हणाली.

"ही जाळी आम्ही नंतर बसवली," मास्तर म्हणाले. "तिची चौकट आत आलीय थोडी."

थोडी म्हणजे चांगली वीतभर. कपाट उभं जाईना, आडवं जाईना, तिरकं तर नाहीच. काकूही पाठोपाठ वर आल्या होत्या. खिडकीतून घ्या, असं त्यांनी सुचवलं. खिडकीकडं बघून सगळ्यांनी ते ऐकलं नाही असं केलं.

मास्तरांनी कपाटाच्या दारावरून हात फिरवला. आरशावर कुणाची तरी बोटं उठली होती, ती सदऱ्याच्या बाहीनं पुसली. मग लेकीकडं बघितलं. ती जिन्याच्या कठड्याला टेकून, बरणी छातीशी धरून उभ्याउभ्या पेंगत होती.

"आत जात नसेल तर राहू द्या," ते म्हणाले. "खाली न्या."

"खाली कुठं?" मालकीणबाई म्हणाली. "ती खोली तर तुम्ही सोडताय."

"तुमच्या टेम्पोत चढवा. हिच्या आईनं ते हिच्यासाठीच ठेवलं होतं. तुमच्या घराचं दार तरी मोठं आहे ना?"

मालकीणबाई जागच्या जागी उभी राहिली. त्यांच्या बोलण्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला. तो आनंद आत पोचायच्या आधी मात्र तिला दुसरंच काहीतरी दिसलं, आणि जे दिसेल ते बोलल्याशिवाय तिला जमत नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "सकाळी हे कपाट तळमजल्यावर होतं."

"होतं."

"टेम्पो दारात उभा होता."

"होता."

"मग हे तेव्हाच सांगायचं होतं."

"तेव्हा माझं ठरलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

मालकीणबाईला उत्तर सुचलं नाही. बाजारपेठेतल्या कुणी हे पाहिलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं.

"आणि मुलगी?" शेवटी ती म्हणाली.

मुलीनं डोळे उघडले. "मी येईन माझ्या पायांनी," ती म्हणाली. "पण आज नाही. मला आधी झोपायचंय." तिनं धाकट्याकडं एकदाच बघितलं, कपाटाला वळसा घालून आत गेली आणि जाळीचं दार लावून घेतलं.

काकूंना आता मात्र घाई झाली. ही बातमी घेऊन बाहेर जायला त्यांना पिशवीची गरज नव्हती. त्या भरभर उतरल्या. थोरल्यानं पट्टा खांद्यावर चढवला, दोन पायऱ्या खाली गेला, पाय रोवले.

"ओके?" तो म्हणाला.

वरून काही आलं नाही.

"अरे, ओके?"

धाकटा त्या बंद जाळीकडं बघत उभा होता. त्याचे हात कपाटाजवळही नव्हते.

"तू जरा थांब रे," मालकीणबाई थोरल्याला म्हणाली. तिनं पदर खोचला आणि धाकट्याला दंडाला धरून बाजूला सारलं. "हा आज काही धरणार नाही. मास्तर, या इकडं, तो कोपरा घ्या. आणि मला सांगा, उचललं की काय म्हणायचं असतं?"